कळतं पण वळत नाही, तिथून पुढे: सांस्कृतिक-ऐतिहासिक मानसोपचार प्रत्यक्षात कसा करायचा

पार्किन्सनच्या काही रुग्णांना सपाट जमिनीवर दोन पावलं टाकणं जमत नाही, पण जिना दिसला की तेच रुग्ण चढून जातात. हे पाहून वायगॉट्स्की आणि लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट करून बघितली. जमिनीवर थोड्या थोड्या अंतरावर कागदाचे तुकडे टाकले आणि रुग्णाला एकेक तुकडा ओलांडायला सांगितला. जागचा न हलणारा माणूस चालू लागला. चालायची इच्छा त्याला आधीही होती आणि पायही होते. नव्हतं ते इच्छेला पायापर्यंत पोचवणारं मधलं काहीतरी.

समुपदेशकासमोर बसून माणसं म्हणतात, “कळतं हो सगळं, पण वळत नाही.” त्यावर आपण बहुतेकदा आणखी कळवत बसतो. विचारातली चूक दाखवतो, बालपणाशी धागा जोडून देतो, समजूत घालतो. वायगॉट्स्कींपासून सुरू झालेल्या सांस्कृतिक-ऐतिहासिक परंपरेचं म्हणणं वेगळं आहे: वळायला साधन लागतं, आणि ते साधन आधी दोन माणसांच्या मध्ये ठेवावं लागतं. पुढची मांडणी समुपदेशन किंवा मानसोपचार करणाऱ्यांसाठी आणि देखरेखीखाली शिकणाऱ्यांसाठी आहे.

लागेल तेवढीच तात्त्विक शिदोरी

लेव वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचं मूळ सूत्र असं: मनाची प्रत्येक वरच्या दर्जाची क्षमता दोनदा जन्माला येते, आधी माणसामाणसांत आणि मग माणसाच्या आत. तान्हं मूल लांबच्या वस्तूकडे हात पसरतं, हात पोचत नाही. आई ती वस्तू आणून देते, म्हणजे त्या फसलेल्या हालचालीला ती ‘दाखवणं’ समजते. मग कधीतरी मूल खरोखर दाखवू लागतं. बोटाचा अर्थ आधी आईला कळला, मुलाला मागाहून. स्वतःशी बोलण्याचंही तसंच. ‘तुझ्याच्यानं होणार नाही’ हे आज आतून ऐकू येणारं वाक्य बहुधा कधीतरी बाहेरून आलेलं असतं. आणि त्याच्या जागी दुसरं वाक्य यायचं असेल, तर तेही आधी दोघांत बोललं गेलं पाहिजे.

याचा अर्थ माणूस परिस्थितीचा नुसता ठसा आहे असा नाही. वायगॉट्स्की एका व्याख्यानात तीन भावंडांचं उदाहरण देतात. आई दारूच्या आहारी गेलेली, मारझोड करणारी. सगळ्यांत धाकटं मूल भीतीनं खचून गेलेलं. मधल्याची ओढाताण, आईवर जीवही आहे आणि तिचा तिरस्कारही. थोरला जेमतेम दहा-अकरा वर्षांचा, पण तो घरातला कर्ता झालेला, आईला आवरणारा, धाकट्यांना सांभाळणारा. घर एकच, पण तिघांच्या मनात ते वेगवेगळं उतरलं. वायगॉट्स्की यासाठी ‘पेरेझिवानिये’ हा रशियन शब्द वापरतात. नुसता ‘अनुभव’ म्हटलं तर तो पुरता येत नाही. मराठीत ‘एखादी गोष्ट पचवणं’ म्हणतो, किंवा ‘सोसून पार होणं’, त्याच्या जवळ जाणारा तो शब्द आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ फ्योदोर वासिल्युक यांनी १९८४मध्ये त्याला उपचारांच्या दृष्टीनं धार दिली: पचवणं ही आपोआप घडणारी गोष्ट नाही, ते काम आहे, आणि त्या कामात दुसरा माणूस सोबतीला येऊ शकतो.

क्यूबात जन्मलेले आणि पुढे ब्राझीलमध्ये काम केलेले फर्नांदो गोन्झालेझ रे (१९४९–२०१९) यांनी व्यक्तिनिष्ठतेचा सिद्धांत इथूनच पुढे नेला. त्यांच्या मते व्यक्तिनिष्ठता म्हणजे बाहेरच्या जगाचा आतला फोटो नव्हे. भावना आणि प्रतीकं एकमेकांत मिसळून ज्या घटकात उतरतात, तो तिचा मूळ घटक. त्याला मराठीत वेगळं नाव शोधायची गरज नाही, शाळेत कवितेखाली लिहायचो तो ‘भावार्थ’ शब्द पुरेसा आहे. वायगॉट्स्कीही शब्दाचा कोशातला अर्थ आणि बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ यांत फरक करतात. शब्दार्थ सगळ्यांचा असतो, भावार्थ ज्याचा त्याचा.

पहिल्या तीन भेटी: भारलेले शब्द

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, उजवीकडे आवाज, श्वास, हात, थांबणं यांत दिसलेला बदल. तुमचं निदान दोन्ही रकान्यांत नको, ते मागच्या पानावर. ‘डोक्यात भुंगा लागतो’ असं कुणी म्हटलं आणि तुम्ही ‘चिंता’ लिहिलंत, तर भुंगा गेला आणि त्याच्याबरोबर कामाचं हत्यारही गेलं. भुंग्याला आवाज आहे, तो कधी बसतो, कधी उडतो, हे विचारता येतं. चिंतेला असलं काही विचारता येत नाही.

तिसऱ्या भेटीअखेर तीन ते पाच भारलेले शब्द हातात असावेत. भारलेला शब्द ओळखायची खूण: तो पुन्हा पुन्हा येतो, आणि तो आला की उजव्या रकान्यात काहीतरी घडतं. समजा, पस्तिशीचा एक माणूस आहे. कामाच्या ठिकाणी सगळ्यांचं ओझं उचलणारा, झोप उडालेला. तो तीन भेटींत ‘जबाबदार’ हा शब्द बाराएक वेळा वापरतो आणि दर वेळी खुर्चीत थोडा पुढे सरकतो. कोशात तो कौतुकाचा शब्द आहे. त्याच्या अंगात तो हुकूम आहे.

अशा शब्दाबद्दल ‘का’ विचारू नका. ‘का’ विचारलं की माणसं स्वतःचं समर्थन करू लागतात. त्याऐवजी: हा शब्द कुणाच्या तोंडी पहिल्यांदा ऐकला? याच्या उलट कोण? आज कुणी तुम्हाला बेजबाबदार म्हणालं, तर पुढची पाच मिनिटं कशी जातील?

गोन्झालेझ रे यांच्या पद्धतीत अपुरी वाक्यं पूर्ण करायला देतात. दहा-पंधरा वाक्यं पुरतात: ‘मला आवडतं…’, ‘रात्री…’, ‘माझं काम…’, ‘लोक…’, ‘एकटा असलो की…’. जेवढी रिकामी सुरुवात, तेवढं बरं. ‘माझ्या वडिलांचा मला राग येतो, कारण…’ असलं वाक्य दिलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलं. या वाक्यांना गुण द्यायचे नसतात, वर्गवारीही करायची नसते. ‘रात्री… कामं आठवतात’ आणि ‘मला आवडतं… सगळं वेळेवर झालेलं’ ही वाक्यं शेजारी ठेवायची आणि त्यांतून काय सूचित होतंय ते पाहायचं. ते अजून अनुमान असतं. निदान तीन वेगळ्या जागी, म्हणजे वाक्यांत, गप्पांत आणि तुमच्याशी वागण्यात, तेच दिसलं तर पुढे जा. नवशिके इथे घाई करतात. एका वाक्यावर सिद्धांत उभारतात आणि मग उरलेल्या भेटी तो सिद्ध करण्यात घालवतात.

चौथी-पाचवी भेट: नकाशा आणि पत्र

इथे अँथनी राइल यांनी ब्रिटनमध्ये घडवलेल्या पद्धतीची साधनं फार उपयोगी पडतात. तिला बोधात्मक-विश्लेषणात्मक उपचार (कॉग्निटिव्ह अॅनालिटिक थेरपी) म्हणता येईल. साधारण १६ भेटींची, गुंतागुंत जास्त असेल तर २४. फिनलंडचे मिकाएल लेमान यांच्यामुळे तिच्यात वायगॉट्स्की आणि रशियन विचारवंत बाख्तिन यांचे विचार मिसळले.

एक कोरा कागद दोघांच्या मध्ये ठेवा. समोर ठेवला तर तो प्रश्नपत्रिका वाटतो. एकमेकांवर दोन चौकटी काढा. वरच्या चौकटीत करणारा, खालच्या चौकटीत भोगणारा. आपल्या उदाहरणात वर: ‘ढकलणारा, कधीच समाधान नसलेला’. खाली: ‘धावणारा, दमलेला, तरी कमी पडणारा’. मग दोन्हींमध्ये दुतोंडी बाण. कारण लहानपणी माणूस फक्त खालची भूमिका शिकत नाही, जोडीच शिकतो. तो माणूस बॉसपुढे खाली असतो, हाताखालच्या मुलाशी बोलताना वर असतो, आणि रात्री दोनला स्वतःशीच दोन्ही असतो. या तीन जागी जोडी सापडली नाही तर चौकटींतले शब्द चुकलेत, पुन्हा शोधा.

मग या जोडीतून निघणाऱ्या वाटा काढा. राइल त्यांचे तीन प्रकार सांगतात. मराठीत त्यांना सापळा, कात्री आणि खोडा म्हणू. सापळा गोल फिरतो: नाही म्हटलं तर लोक दुरावतील, म्हणून सगळं घेतो, म्हणून काम रखडतं, म्हणून लोक नाराज होतात, म्हणून आणखी घेतो. कात्रीला दोनच पाती: एकतर सगळं अंगावर घ्यायचं, नाहीतर मी बेफिकीर. खोडा ओळखायला कठीण. माणूस सुटण्याच्या बेतात असतो आणि स्वतःच पाय मागे घेतो, जणू आपण सुटलो तर कुणाचं तरी नुकसान होईल.

भूमिकांना वाईटसाईट नावं देऊ नका. ‘पीडित’, ‘हुकूमशहा’ असले शब्द कागदावर आले की माणूस त्यांच्याखाली दबतो. क्रियापदं लिहा: ढकलतो, धावतो, लपतो. क्रिया बदलता येते, बिरूद चिकटून राहतं.

पत्र साधारण पाचव्या भेटीच्या आधी लिहा. दीड-दोन पानं, त्याहून जास्त नको. ‘तुम्ही’ला उद्देशून, त्याच्याच भारलेल्या शब्दांत. तो का आला, ही घडी कधी बसली, तेव्हा ती कशी कामाची होती (हे वाक्य गाळलं की सगळं पत्र आरोपपत्र होतं), आज ती कुठे काचते, आणि आपल्या दोघांत ती कशी डोकावू शकेल. आपल्या उदाहरणात ती डोकावलेलीच असते: माणूस दहा मिनिटं आधी येतो, सांगितल्याच्या दुप्पट लिहून आणतो आणि विचारतो, “बरोबर करतोय ना?” पत्रात ते लिहा.

पत्र मोठ्यानं, सावकाश वाचायचं. मग गप्प बसायचं. एक प्रत आणि पेन त्याच्या हातात द्यायचं: यातलं काय खोडायचं? एकही शब्द न बदलता कुणी “अगदी बरोबर लिहिलंय” म्हणालं, तर खूश होऊ नका. आज्ञाधारकपणा बोलतोय का, ते तपासा.

पायरीची उंची

वायगॉट्स्कींच्या समीप विकास क्षेत्राबद्दल अध्यापनात खूप बोललं जातं, उपचारात मात्र त्याचा वापर ढिसाळ असतो. ‘आज एकट्यानं जमत नाही, पण सोबत असली तर जमतं’ एवढाच तो पट्टा. त्याच्या खाली काम केलंत तर कंटाळा, वर केलंत तर होकार. हो, होकारच. ‘नाही’पेक्षा तो फसवा असतो.

तो माणूस सांगतो, “सुटीच्या दिवशीही फोन आला. गेलो. जाणारच ना, जबाबदारी आहे.”

समुपदेशक म्हणतो, “लहानपणी वडील आजारी असताना तुम्ही जी भूमिका घेतलीत, तीच इथे चालू आहे असं वाटतं का?” उत्तर येतं, “हो, असेल तसं.” संपलं. वाक्य चूक नव्हतं, तीन पायऱ्या वर होतं.

त्याऐवजी:

“फोन वाजला आणि तुम्ही दाराबाहेर पडलात, या मधल्या मिनिटात काय झालं?”

“काही नाही. छाती आवळली. मग, चल, ऊठ, असं झालं.”

“चल, ऊठ. कुठल्या सुरात?”

“रागानं नाही… घाईत. घरात कुणी आजारी असल्यासारखं.”

इथे थांबा. पाच-सात सेकंद काहीही बोलू नका. वडिलांपर्यंत तो स्वतः आला आहे, आणि ही जोडणी आता त्याची आहे. पुढची पायरी फक्त एवढी: “हाच सूर आणखी कुठे ऐकू येतो?”

कथनात्मक उपचारपद्धती (नॅरेटिव्ह थेरपी) घडवणारे मायकेल व्हाइट यांनी अशा संवादाच्या पाच पायऱ्या मांडल्या आहेत: घडलं ते नीट सांगणं, एका घटनेला दुसरी जोडणं, त्या जोडणीकडे बघून विचार करणं, त्यातून स्वतःबद्दल किंवा आयुष्याबद्दल काही उमगणं, आणि शेवटी त्यावर आधारलेलं पाऊल. एका भेटीत दोन पायऱ्या चढल्या तरी भरपूर झालं. त्रासाची गोष्ट माणसाला कितपत पचली हे दाखवणारी, मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टाइल्स यांची ० ते ७ अशी मोजपट्टीही हाताशी ठेवावी. शून्यावर त्रासाची जाणीवच दूर ढकललेली असते, तिसऱ्यावर माणूस प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडू शकतो, चौथ्यावर उमज पडते, सातव्यावर ती गोष्ट सहज अंगवळणी पडलेली असते. लेमान आणि स्टाइल्स यांनी २००१मध्ये ही मोजपट्टी समीप विकास क्षेत्राशी जोडली. दुसऱ्यावर असलेल्या माणसाला पाचव्याचा गृहपाठ दिला की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पायरी उंच झाली याच्या खुणा: पटकन होकार, “माहीत नाही”, हसणं, विषय बदलणं, घड्याळाकडे नजर. यांतलं काही दिसलं की पुन्हा घटनेवर या आणि तपशील विचारा: कुठे उभे होतात, हातात काय होतं.

कागदाचा तुकडा कसा शोधायचा

आता सुरुवातीच्या प्रयोगाकडे. त्याच जातीचं दुसरं उदाहरण: मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या प्रयोगांत माणसाला एका खोलीत काही न सांगता थांबवून ठेवत. थांबावं की निघावं कळेना, अशा वेळी काही जण घड्याळाकडे बघून ठरवत: काटा अमुक जागी आला की निघायचं. वायगॉट्स्की यात फार मोलाची गोष्ट पाहतात. काट्याला स्वतःचा काही अर्थ नाही. माणसानं त्यात अर्थ भरला आणि त्याच्या आधारानं स्वतःला हलवलं. कोंडी हा पहिला उद्दीपक (म्हणजे कृतीला चालना देणारी गोष्ट), काटा दुसरा.

सहाव्या-सातव्या भेटीपासून असा दुसरा उद्दीपक शोधायचा. प्रश्न असा: “छाती आवळते त्या क्षणी हाताशी काय असतं?” आपला माणूस म्हणेल, फोन आणि मनगटावरचं घड्याळ. मग ठरतं: फोन वाजला की तो उचलायचा नाही, घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, दोन मिनिटांनी स्वतः फोन करायचा. त्या दोन मिनिटांत काय म्हणायचं, ते भेटीत मोठ्यानं बोलून पाहायचं, आधी दोघांनी मिळून, मग त्यानं एकट्यानं.

साधन त्याच्याच जगातलं, नेमक्या क्षणी हाताशी असणारं आणि चारचौघांत लाज न आणणारं हवं. आणि ते त्यानं निवडलेलं हवं. तुम्ही सुचवलेला रंगीत दगड कितीही छान असला तरी तो तुमचा हुकूम आहे. ज्याला आधीच हुकमाचं ओझं आहे, त्याला आणखी एक. एका आठवड्यात एकच साधन, एकाच प्रसंगासाठी. पुढच्या भेटीत ‘केलंत का?’ नका विचारू. ‘साधनानं काय केलं?’ विचारा. विसरलं असेल तर ते नेमकं कोणत्या क्षणी विसरलं, यातच पुढची माहिती असते. एक सावधगिरी: मंत्रचळेपणाची, म्हणजे ओसीडीची लक्षणं असतील तर असं साधन नव्या विधीत बदलू शकतं. तिथे ही वाट टाळा.

प्रत्येक त्रासाला कागदाचा तुकडा लागू पडत नाही. वासिल्युक बिकट प्रसंगांचे चार प्रकार करतात: ताण, वैफल्य, संघर्ष आणि आयुष्याचा बेतच मोडणारं संकट. पहिल्या दोनांत साधन लवकर कामी येतं. आतल्या संघर्षात आधी कशाला किती मोल द्यायचं, ते बोलावं लागतं. आणि जवळचं माणूस गेलेल्याला पुढे चालायला लावणारं कुठलंही साधन देऊ नये. वासिल्युक यांच्या मांडणीत शोकाचं काम विसरणं नसून आठवण घडवणं आहे. गेलेल्याला आजच्या काळातून आठवणीत जागा करून द्यायला वेळ लागतो, आणि सोबत करणाऱ्यानं फक्त ऐकत आणि विचारत राहायचं असतं.

इथे थांबायचं

मरण्याचे विचार असतील तर स्पष्ट शब्दांत विचारा, सुरक्षिततेची आखणी करा, मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवा. नकाशा नंतर. चालू औषधांना हे काम पर्याय नाही. घरात किंवा कामावर आजही हिंसा चालू असेल तर भावार्थ उलगडत बसणं म्हणजे आगीत उभ्या माणसाला आगीचा अर्थ विचारणं. आणि ‘सांस्कृतिक’ या शब्दाच्या मोहात पडून समोरच्याला त्याच्या समाजाचा नमुना समजू नका. ‘तुमच्याकडे असं असतंच’ हे वाक्य उच्चारलंत की थोरलं, मधलं, धाकटं सगळे एकच झाले.

आत रुजलं का, ते कसं ओळखायचं

वायगॉट्स्कींचे सहकारी लिओन्त्येव यांच्या स्मरणाच्या प्रयोगांत लहान मुलांना आठवायला मदत म्हणून चित्रांची कार्डं दिली तर त्यांना फारसा फायदा झाला नाही, मोठ्या मुलांना खूप झाला, आणि प्रौढांत कार्ड असण्या-नसण्याचा फरक पुन्हा कमी झाला, कारण त्यांची कार्डं आत गेलेली होती. उपचारातही हाच क्रम दिसतो. आधी साधन निरुपयोगी, मग अपरिहार्य, मग अडगळ. म्हणून बाराव्या भेटीच्या आसपास कुणी म्हणालं, “घड्याळ काढायचं राहिलं, पण तसाच थांबलो,” तर ती चूक नव्हे. लिहून ठेवा.

आणखी खुणा वहीत सापडतात. भारलेल्या शब्दाला विशेषण लागतं: ‘जबाबदार’चं ‘माझ्यापुरता जबाबदार’ होतं. ‘चल, ऊठ’ म्हणणाऱ्या आवाजाला तो उत्तर देतो. नकाशावरचा एखादा शब्द खोडून तो स्वतःचा लिहितो. “बरोबर करतोय ना?” हा प्रश्न येत नाही, किंवा येतो आणि तो स्वतःच हसतो. लक्षणं कमी झाली पण यांतलं काहीच दिसत नसेल, तर तो तुमच्या शब्दांत बोलतोय असं समजा, आणि उरलेल्या भेटी त्याचे शब्द परत मिळवण्यात घाला.

शेवटच्या भेटीत दोघंही एकेक पत्र आणतात. तुमच्या पत्रात काय बदललं याबरोबर काय राहिलं तेही लिहा, आणि तुमच्यावरची नाराजी बोलून दाखवायला जागा ठेवा. त्याचं पत्र आलं नाही तरी चालेल, त्याला ते न आणण्याची मुभा आहे, आणि या माणसाच्या बाबतीत तर विशेष. नकाशाची मूळ प्रत त्याच्याकडे जाते. तीन महिन्यांनी एकदा भेटा. तेव्हा नवीन काही सुरू करायचं नाही, नकाशा टेबलावर पसरायचा आणि तो कुठे जुना झालाय ते त्याला दाखवू द्यायचं.